आपण जे धरून चालतो ते तपासायचं कसं? गावात काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावपातळीवर काम करणाऱ्या आशाताई, नर्स, अंगणवाडीताई, झेडपीचे शिक्षक, कृषी सहायक यांच्याकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एका जागी केलेत. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये कोणी हात वर करत नाही, प्रश्न येतात ते चहाच्या वेळी नाहीतर रात्री मेसेजवर. एकदा सांगितलेलं दुसऱ्या उत्तरात परत लिहिलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, त्यामुळे जे लागतं तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. ताई, हे "स्वतःचे समज तपासा" म्हणतात ते नेमकं काय करायचं असतं?

तुम्ही एखाद्या घरात पाय ठेवता, चूल विझलेली, लेकरू एकटं रडून राह्यलं, आई कुठे दिसत नाही, आणि दोन सेकंदात डोक्यात येऊन जातं की या घरात लेकराकडे कोणाचं लक्ष नाही. चूल विझलेली होती आणि लेकरू रडत होतं हे तुम्ही पाहिलं. "लक्ष नाही" हे पाहिलं नाही, ते आपण लावलं. आई पाण्याला गेली असेल, कोणाच्या वावरात निंदणाला गेली असेल, शेजारणीला सांगून गेली असेल. तर पाहिलेलं आणि लावलेलं वेगळं करायचं, आणि लावलेल्याच्या भरवशावर पुढचं पाऊल टाकायच्या आधी त्या माणसालाच विचारायचं, एवढंच आहे ते.

समज मनात येणं थांबत नाही, कोणाचंच थांबत नाही, आणि घाईच्या कामात त्याचा उपयोगही होतो. मला काळजी आहे ती त्याची किंमत कोण भरतं याची. आपला समज चुकला तर आपला पगार कापला जात नाही, समोरच्या बाईची दिवसाची मजुरी जाते, ऑटोचं भाडं जातं, आणि कधी कधी लेकरू जातं.

२. मी सगळ्यांशी सारखीच वागते, भेदभाव करत नाही. मग मला याची काय गरज?

सारखं वागणं चांगलंच आहे, पण त्यातही काहीतरी धरलेलं असतं. लसीकरणाचं सत्र सगळ्यांसाठी सकाळी ११ ला ठेवलं तर नियम सगळ्यांना एकच झाला, पण कापूस वेचणीच्या दिवसात मजुरीवाली बाई सातलाच घरून निघते, आणि बाजाराच्या दिवशी तर निम्मं गाव तालुक्याला असतं. म्हणजे ११ ला घरी असणारी बाई आपण मनात धरून वेळ ठरवली, आणि जी आली नाही तिच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं. असं सगळ्यांचंच होतं, मनात खोट असावी लागत नाही.

३. मी तर याच गावची सून आहे, सगळी घरं माहीत आहेत. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हे सांगा ना, मला काय सांगता?

बाहेरच्याला निदान हे तरी माहीत असतं की आपल्याला काही माहीत नाही. गावच्या माणसाला गावठाण माहीत असतं, पण टोली, पारध्यांचा बेडा, कोलामांचा पोड, जंगलाकडचं शेवटचं मोहल्ल्याएवढं गाव, तिथलं किती माहीत असतं ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. आणि ओळखीच्या घरात तर जास्त जपायला लागतं, कारण त्या घराबद्दल दहा वर्षांपूर्वी ऐकलेलं आपण आजही खरं धरतो, की सासू कजाग आहे, नवरा ऐकणारा नाही, ही पोरगी पहिल्यापासून आळशी. दहा वर्षांत सासू बदललेली असते आणि आपण तिला कधी बोलावून बसवलेलंच नसतं. गावचं असणं ही मोठी जमेची बाजू आहे, दार लवकर उघडतं, मी ती कमी लेखत नाही, फक्त दार उघडल्यावर विचारायचं सोडू नका.

४. रोजचे फॉर्म, अ‍ॅप, सर्व्हे यातच दिवस जातो. हे करायला वेळ कुठून आणू, सुरुवात कशी करू?

रोज करू नका, आठवड्यातून एक प्रसंग घ्या. ज्या घरातून किंवा वर्गातून निघताना राग आला, चिडचिड झाली, "या लोकांचं काही होऊ शकत नाही" असं वाटलं, तोच प्रसंग घ्या, कारण तिथेच बहुतेक काहीतरी लपलेलं असतं. चार ओळी लिहा. मी काय पाहिलं आणि ऐकलं. मी त्यावरून काय ठरवलं. दुसरं काय असू शकतं, निदान दोन कारणं. आणि हे मी कोणाला, कधी विचारणार. चौथी ओळ सोडली तर पहिल्या तीन वाया जातात, बहुतेक जण नेमकी तीच सोडतात.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये मांडलं की अनुभवी माणूस काम करता करताही स्वतःचा विचार तपासतो आणि काम झाल्यावरही, १९८८ मध्ये ग्रॅहॅम गिब्ज यांनी त्याच वाटेवर सहा पायऱ्या दिल्या, काय झालं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, असं का झालं, यातून काय निघालं, पुढच्या वेळी काय करणार. नर्सिंग शिकलेल्यांना त्या आठवत असतील. सहा जमत असतील तर सहा करा, मला आपल्या कामात चार पुरतात असं दिसलंय. वहीत काय लिहू नये ते प्रश्न १५ मध्ये.

५. पेशंट सगळ्याला "हौ" म्हणतात आणि घरी जाऊन काहीच करत नाहीत. याला काय म्हणावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. समोर उभ्या असलेल्या नर्सला किंवा साहेबाला नाही म्हणणं आपल्याकडे अपमान केल्यासारखं धरतात, म्हणून बाई हौ म्हणते आणि मान डोलावते, त्याचा अर्थ तुमचं बोलणं ऐकलं एवढाच घ्या, समजलं किंवा पटलं असा घेऊ नका.

लोहाच्या गोळ्यांचं बघा. गोळ्या नेल्या, खाल्ल्या नाहीत, आपण म्हणतो बेफिकीर आहे. विचारलं तर निघतं की दोन दिवस खाल्ल्यावर शी काळी झाली आणि ती घाबरली, किंवा मळमळलं, पोट धरलं, किंवा सासूने सांगितलं की या गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि मग सिझर करायला लागतं. यातल्या प्रत्येक कारणाचं उत्तर आपल्याकडे आहे. काळी शी लोहामुळेच होते, घाबरायचं नाही, मळमळत असेल तर जेवण झाल्यावर किंवा रात्री झोपताना घ्यायची, चहासोबत घ्यायची नाही कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही, आणि सासूबाईंशी आपण स्वतः जाऊन बोलायचं. पण "बेफिकीर" या कारणाला आपल्याकडे काहीच उत्तर नसतं. समज धरला की उपायच बंद होतो, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगत असते.

"समजलं का?" हा प्रश्न विचारणं सोडून द्या, त्याला हौ शिवाय दुसरं उत्तर येतच नाही. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसं सांगाल ते मला सांगून दाखवा, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय." परीक्षा तिची नाही, आपली आहे, हे तिला कळू द्या.

६. बाई स्वतःहून काही सांगत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असं धरलं तर चालेल ना?

नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच गडचिरोलीचं आहे. गावातल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच सगळीकडे धरलेलं होतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत प्रत्यक्ष तपासणी केली, १९८९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका वर्षानुवर्षं सोसत होत्या, आणि त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून सगळ्यांनी धरलं की त्रास नाही. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, लघवीची आग, हे नवऱ्यासमोर, अंगणात, पुरुष डॉक्टरसमोर कोणी सांगत नाही. एकटीला भेटा, तिच्याच शब्दात विचारा, आणि पहिल्या वेळी नाही सांगितलं तर दुसऱ्या वेळी परत विचारा.

७. आमच्या शाळेत पालकांनाच शिक्षणाचं काही पडलेलं नाही. मार्च आला की पोट्टे गायब. यात माझा काय समज?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, त्यानंतर तेंदूपत्ता येतो, आणि जंगलाकाठच्या घरासाठी वर्षाच्या रोख पैशातला मोठा हिस्सा त्या थोड्या आठवड्यांत येतो. मोह पहाटे वेचायला लागतो, उशीर झाला की ढोरं खातात, म्हणून सगळं घर जातं, लेकरांसकट. मेळघाटात तर होळीनंतर पूर्ण घरच कामाला बाहेर निघून जातं. हे "पडलेलं नाही" मध्ये बसत नाही. ज्या बापाने स्वतः शाळा पाहिली नाही तो बाप पाच किलोमीटरवरून दाखला घ्यायला येतो, तेव्हा त्याला शिक्षणाचं किती पडलंय ते दिसतं, पण तो पालकसभेला येत नाही कारण सभेत वाचून सही करायला लागते आणि त्याला चारचौघात अंगठा लावायचा नसतो.

मुलाची गैरहजेरी चालवून घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, शिकण्याचा मुलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि मोहापायी तो जाऊ देणं बरोबर नाही. पण कारण माहीत असलं तर काही करता येतं, घरचे जंगलात असतील तेवढे दिवस मोठ्या भावंडाला सकाळऐवजी दुपारी बसवता येतं, बाहेरगावी जाणार असतील तर आजीकडे ठेवायची किंवा हंगामी वसतिगृहाची गोष्ट दिवाळीतच काढता येते. बेफिकीर म्हटलं की फक्त नोटीस काढता येते.

८. पहिलीतलं लेकरू वर्गात बोलतच नाही, काही विचारलं तर नुसतं बघत बसतं. मंद आहे का हे कसं ओळखू?

आधी बघा घरी कोणती भाषा बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, यांचं मराठीशी जवळचं नातंच नाही, त्यामुळे धारणी, चिखलदरा, भामरागड, एटापल्लीकडच्या पहिलीतल्या लेकरासाठी मराठी वर्ग ही परकी जागा असते. ते मैदानात, भावंडांसोबत, ढोरांमागे भरभर बोलतं का ते बघा. तिथे बोलत असेल तर डोक्यात काही कमी नाही, तुमचे पन्नास शब्द त्याच्या भाषेत शिका आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला मदतीला घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय. घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र कान तपासायला पाठवायला वेळ लावू नका.

९. फवारणीचं किट दिलं तरी शेतकरी घालत नाही. इथे तर त्याचीच चूक आहे ना?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, त्यानंतर किटची चर्चा सुरू झाली ती आजही चालू आहे. पण फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतो, रोजावर आलेला मजूर असतो, किट मालकाच्या घरी असतं किंवा नसतंच. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात ते घालून टाकीमागे टाकी मारणं किती वेळ जमतं ते स्वतः घालून बघा. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली की फवारा वरून तोंडावरच येतो. मग त्याला "का घालत नाही" असं दरडावण्यापेक्षा विचारा की किती वाजता फवारतो, वारा कुठून असतो, दिवसाला किती टाक्या मारतो, कपडे कोण धुतं. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा, ते विष लागलेले कपडे घरची बाई हाताने धुते आणि तिला कोणीच हिशेबात धरत नाही.

१०. बेशुद्ध किंवा बरळणारा माणूस आला की वास येतोच दारूचा. तिथे समज चुकीचा कसा असेल?

वास आला म्हणजे तो पेलेला आहे हे खरं असू शकतं, पण त्याची तब्येत दारूमुळेच बिघडली असं धरणं जीवावर बेततं. साखर कमी झाली, ऊन लागलं, डोक्याला मार लागला, फवारणीचं विष चढलं, साप चावला, सगळ्यात माणूस पेल्यासारखाच दिसू शकतो. साखर तपासा, ताप बघा, बाहुल्या बघा (कीटकनाशकाच्या विषबाधेत त्या बहुतेक वेळा टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घामही खूप येतो), अंगावर चावा किंवा मार आहे का बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा. आणि यवतमाळात विषबाधेचा पेशंट म्हटलं की सगळे आत्महत्येचा प्रयत्न धरून चालतात, घरच्यांकडे तसंच बघतात. आधी विचारा, फवारणी केली होती का आज. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून घरचे दारूचं कबूलही करत नाहीत, तेव्हा पोलिसांना सांगणार नाही एवढा धीर आधी द्या म्हणजे खरी हकीकत कळते.

११. लोक आधी भूमकाकडे (गावचा पारंपरिक वैद्य-पुजारी), मांत्रिकाकडे जातात. त्यांच्या समजुतीचा मान ठेवायचा म्हणजे हेही मान्य करायचं का?

नाही. लोक तिकडे का जातात ते समजून घ्यायचं, आणि उपचाराच्या बाबतीत एक इंचही मागे यायचं नाही, दोन्ही एकाच वेळी जमतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला डॉक्टरी उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. लेकराच्या पोटावर चटके देणं याला परंपरा म्हणून मी कधीच सूट देणार नाही, लेकराचं अंग भाजतं तिथे.

पण "अडाणी आहेत म्हणून जातात" हा समज मात्र सोडा. भूमका रात्री दोनला दार उघडतो, त्यांच्या भाषेत बोलतो, घरच्यांना बाजूला बसू देतो, खेकसत नाही. आपल्या दवाखान्यात यातलं काय काय होतं? गडचिरोलीत सर्च संस्थेने दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारलं की कसा पाहिजे, आणि मग मोठी इमारत उभी न करता गावासारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, माँ दंतेश्वरीच्या नावाचा दवाखाना झाला. एवढं आपल्या हातात नसतं, पण भूमकाशी ओळख करणं असतं, आणि "ताप, झटका, साप असला की लगेच माझ्याकडे पाठव, मागाहून तुझी पूजा कर" असं त्याला सांगणं असतं. काही ठिकाणी तो पाठवतो, काही ठिकाणी नाही.

१२. जातीवरून काही धरायचं नाही म्हणता, मग सिकलसेलला समाज कशाला बघतात?

प्रश्न अवघड आहे आणि बरोबर आहे. विदर्भात सिकलसेल (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये जास्त सापडतो, ही माहिती आहे, कुठे जास्त शोधायचं ते ती सांगते. पण समोरच्या एका माणसाबद्दल ती काहीच पक्कं सांगत नाही. "हा त्या समाजाचा नाही म्हणून टेस्ट नको" हे चुकलं, कारण इतर समाजातही पेशंट आहेत, आणि "त्या समाजाची आहे म्हणजे सिकलच असेल" हेही चुकलं. टेस्ट सांगेल. नवरा-बायको दोघेही एएस (म्हणजे फक्त वाहक) असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस (म्हणजे आजार असलेलं) होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्नाआधीच कळलं पाहिजे, म्हणून १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमध्ये ४० वर्षांपर्यंतच्या लोकांच्या तपासणीवर भर आहे.

जो माणूस सारखे हातपाय दुखतात म्हणून रोजगार हमीच्या कामावरून घरी बसतो, त्याला गाव कामचोर म्हणतं आणि आपणही मान डोलावतो. डोळे पिवळे आहेत का, लहानपणी हातापायाला सूज यायची का, रक्त चढवलं होतं का, एवढं विचारून बघा.

१३. प्रत्येक ठिकाणी विचारत बसलो तर उशीर होईल. संशय आला तर थांबायचं का?

जिवाचा धोका असेल तिथे थांबायचं नाही. साप चावला, झटके येऊन राह्यले, बाळंतिणीला रक्त जास्त जातंय, बाळ दूध ओढत नाही, आधी १०८ लावा, स्वतःचे समज रात्री तपासा.

दुसरी जागा म्हणजे लेकरांवरचा लैंगिक अत्याचार. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर असं झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "घर चांगलं आहे, माणूस प्रतिष्ठित आहे, माझाच गैरसमज असेल" म्हणून गप्प बसणं हाच तिथला धोकादायक समज. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम आहे, १०९८ वर मुलांच्या मदतीसाठी फोन करता येतो. अठराच्या आतली पोरगी गरोदर म्हणून आली तर तिला हाकलायचं नाही, उपचार आधी, आणि कळवायचंही.

१४. लोकच माझ्याबद्दल समज धरतात. काही घरात माझ्या जातीमुळे पाणी विचारत नाहीत, ओट्यावरूनच परत पाठवतात. मीच स्वतःला तपासत बसू का?

नाही ताई. हे तुमच्यात शोधायचं काम नाहीये, ही अस्पृश्यता आहे, संविधानाच्या कलम १७ ने ती बंद केलेली आहे आणि त्यासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. तारीख, घर, काय झालं, कोण समोर होतं हे लिहून ठेवा, गटप्रवर्तक आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या. तक्रार करायची की नाही, कधी करायची, हे तुम्ही ठरवायचं, गावात तुम्हाला राहायचंय. जे सुपरवायझर हे वाचून राह्यले त्यांना माझं सांगणं आहे की अशा वेळी "तुम्हीच जरा समजून घ्या" असं कृपा करून म्हणू नका, त्या घरी पुढच्या वेळी स्वतः तिच्यासोबत जा आणि तिच्या बाजूला बसा.

वरिष्ठांचेच समज चुकीचे असतील, तर सगळ्यांसमोर चूक काढण्यापेक्षा मीटिंगमध्ये "सर, त्या घरी मी परत जाऊन विचारलं, त्यांनी असं सांगितलं" एवढं बोला. विचारून आणलेली गोष्ट खोडायला वरिष्ठांनाही जड जातं.

१५. वहीत लोकांची नावं लिहू का? आणि रजिस्टरमधल्या शेऱ्याचं काय?

स्वतःच्या वहीत नाव, घर नंबर, जात, आजार, काहीच ओळखू येईल असं लिहू नका, वही घरात पडलेली असते आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने त्या माणसाच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचा फोटो टाकून चर्चा करू नका, चेहरा झाकला तरी घराची भिंत ओळखू येते.

रजिस्टर वेगळं, तिथे नाव लागतंच, म्हणून तिथले शब्द जपून लिहा. "सहकार्य करत नाहीत", "नकार", "निष्काळजी" असा शेरा एकदा पडला की पुढची नर्स तो वाचूनच त्या घरी जाते, किंवा जातच नाही. त्याऐवजी "दि. अमुकला सकाळी घरी कोणी नव्हतं, शेजारणीने कामाला गेल्याचं सांगितलं, संध्याकाळी परत जाणार" असं लिहा. जागा कमी पडली तर मागच्या पानावर लिहा.